फोन खिशात, पोरं अंगणात

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना उपकरणांच्या मदतीने बाहेर खेळतं कसं करायचं, या एकाच विषयावरची पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. उत्तरं देताना आमचं मोजमाप एकच आहे. बाहेरच्या दहा मिनिटांत मूल पडद्याकडे किती वेळ बघतं? दोन मिनिटांच्या वर गेलं, की ते उपकरण कितीही हुशार असो, आमच्या लेखी नापास.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. टॅब काढून घेतला की रडारड, आणि बाहेर जायचं नाव नाही. आता ‘टॅब वापरूनच त्याला बाहेर काढा’ असा सल्ला मिळतोय. हे आगीत तेल ओतणं नाही का?

शंका रास्त आहे. टॅब हातात ठेवूनच मूल बाहेर नेलं, तर नुसती जागा बदलते, बाकी काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली किमान ६० मिनिटं दमछाक करणारी असावीत, आणि बसून पडदा बघणं एका तासाच्या आत असावं, कमी असेल तितकं चांगलं, असं त्यात म्हटलं आहे. इथे ‘बसून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एक फोटो बघून पळत सुटणं आणि अर्धा तास कार्टून बघणं यांचा हिशोब एकाच वहीत मांडता येत नाही.

चार वर्षांच्या मुलासाठी आमची पहिली पसंती फोटोच्या शोधाशोधीला. आदल्या दिवशी तुम्ही एकट्याने बाहेर जा आणि पाच गोष्टींचे अगदी जवळून, दहा-पंधरा सेंटिमीटरवरून फोटो काढा. झाडाच्या सालीवरची भेग, फाटकाची गंजलेली कडी, पाण्याच्या नळाचा सांधा, फरशीतला फुटका कोपरा, भिंतीवरचा रंगाचा पोपडा. हलणाऱ्या किंवा उद्या नसतील अशा वस्तू नकोत. आज टिपलेलं फूल उद्या गळून पडलेलं असतं आणि मूल हिरमुसतं. सगळे फोटो गुडघे टेकून काढा. चार वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण नव्वद सेंटिमीटरवर असतात. तुमच्या उंचीवरून टिपलेली खूण त्याला दिसतच नाही, आणि हा खेळ फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

दुसऱ्या दिवशी दारातच एक फोटो दहा सेकंद दाखवा, फोन खिशात घाला आणि म्हणा, “चल, शोधू.” सापडलं की त्याने वस्तूला हात लावायचा, मगच पुढचा फोटो. तीन-चार वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच; सहाच्या पुढच्यांना तीन एकदम दाखवून लक्षात ठेवायला लावलं तर चुरस वाढते. “परत दाखव” म्हणाला तर दाखवा, पण फोन तुमच्याच हातात राहू द्या. तो एकदा मुलाच्या हातात गेला की बोट सरकतं, पुढचे चारही फोटो बघून होतात आणि खेळ तिथेच संपतो.

रडारडीबद्दल. भांडण खरं तर दारात होत नाही, ते व्हिडिओच्या मध्यावर होतं. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. भाग संपला, पडदा थांबला, की त्याच क्षणी पहिला फोटो पुढे करायचा. चालू गोष्ट मधेच तोडून “चल बाहेर” म्हणाल, तर मोठा माणूससुद्धा चिडेल.

प्रश्न : आमच्या बालवर्गाच्या मैदानावर क्यूआर कोड लावून खजिन्याचा शोध ठेवला होता. अर्धे कोड वाचलेच गेले नाहीत, आणि वीस मुलं एका फोनमागे रांगेत उभी राहिली. कुठे चुकलं? — एक शिक्षिका

दोन वेगळे बिघाड आहेत, एक छपाईतला आणि एक खेळाच्या आखणीतला.

छपाईचं आधी. तुम्ही कोडमध्ये लांबलचक मराठी वाक्यं भरली असावीत. संगणकाच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (मजकुराची जागा मोजायचं एकक) घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘झाडाखाली बघ’ एवढ्याशा मजकुराचे ३१ बाइट होतात. मध्यम दुरुस्ती-पातळीवर (कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचला जावा, यासाठीची सोय) तो २९ × २९ चौकटींच्या कोडमध्ये बसतो. साठ चिन्हांचं वाक्य मात्र १८० बाइटांपर्यंत जातं आणि कोड ५३ × ५३ चौकटींचा होतो. दोन्ही पाच सेंटिमीटर रुंद छापले, तर पहिल्यातली एक चौकट पावणेदोन मिलिमीटरची आणि दुसऱ्यातली एक मिलिमीटरहूनही लहान. उन्हात, हलत्या हाताने, साध्या कॅमेऱ्याला ही दुसरी जाळी उलगडत नाही. म्हणून मजकूर दोन-तीन शब्दांचा ठेवा.

अंतराचा ठोकताळा असा, की कोडच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून तो वाचता येतो. पाच सेंटिमीटरचा कोड अर्ध्या मीटरवरून, म्हणजे मैदानासाठी आठ-दहा सेंटिमीटरचा बरा. भोवती चार चौकटींएवढी पांढरी जागा सोडावीच लागते. सुशोभनाच्या नादात कडेला वेलबुट्टी काढली की फोनला कोडची हद्द कळत नाही. चकचकीत लॅमिनेशनवर ऊन चमकतं, त्यामुळे मॅट घ्या किंवा कोड सावलीत लावा. झाडाच्या बुंध्याला गुंडाळलेला कोड वाकतो आणि वाचला जात नाही. जाड सपाट पुठ्ठ्यावर चिकटवून तो सुतळीने बांधा, खिळे ठोकू नका. चिखल उडण्याची धास्ती असेल तर दुरुस्तीची सर्वांत वरची, ‘एच’ पातळी निवडा. साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. फक्त त्या पातळीला चौकटी वाढतात, म्हणून मजकूर आणखी छोटा करावा लागतो.

कोडमध्ये दुवा न घालता थेट मजकूर घातला की इंटरनेट लागत नाही. मैदानाच्या कोपऱ्यात नेटवर्क नसणं हे असे खेळ फसण्याचं सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त नडणारं कारण आहे.

आता रांगेचं. एका फोनवर वीस मुलं कधीच चालणार नाहीत. चार-पाच जणांचे गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस आणि एक फोन. सहा ठिकाणं एकमेकांपासून पंधरा-वीस मीटरवर ठेवा, आणि प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करा, म्हणजे टक्कर होत नाही. एवढ्या लहान मुलांना वाचता येत नाही हे गृहीत धरून मोठ्या माणसाने मजकूर मोठ्याने वाचायचा. तो नुसता पत्ता नसून काम असावं: ‘बेडूकउड्या पाच’, ‘गोल दगड आण’. कोड वाचायला दहा सेकंद, कामाला तीन मिनिटं, हे प्रमाण सांभाळलं की रांग आपोआप मोडते. खेळ संपल्यावर सगळे कोड काढून घ्या. मुलांना हेही सांगा, की बाहेर भिंतीवर दिसेल तो अनोळखी कोड फोनने वाचायचा नसतो.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीसाठी जीपीएसवर खजिना लपवला. फोन भलत्याच झाडाकडे बोट दाखवत होता. घरात दोन मायक्रोबिट (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या संगणक-पाट्या) पडून आहेत. त्यांचं काही करता येईल का?

जीपीएसवर चिडू नका, तो त्याच्या कुवतीप्रमाणेच वागला. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची अचूकता साधारण पाच मीटर असते. इमारती जवळ असतील तर संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात आणि चूक आणखी वाढते. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली, आणि दोनच दिवसांत ‘जिओकॅशिंग’ या खेळातला पहिला डबा लपवला गेला. तो खेळ डोंगर-जंगलांतही खेळतात. तिथे पाच मीटर म्हणजे काहीच नाही. तुमच्या बागेत मात्र पाच मीटर म्हणजे तीन झाडं.

दोन मायक्रोबिट असतील तर त्याहून गमतीचा खेळ होतो. एक लपवायचा, तो रेडिओवर सतत हाका मारतो. दुसरा मुलीच्या हातात, तो हाक किती जोरात ऐकू येते ते सांगतो. हौशी रेडिओवाले लपवलेलं प्रक्षेपक यंत्र शोधण्याची स्पर्धा खेळतात आणि त्या यंत्राला ‘कोल्हा’ म्हणतात. आपणही तेच नाव घेऊ.

कोल्ह्याचा प्रोग्राम मेककोडमध्ये (पडद्यावर ठोकळे जोडून मायक्रोबिटचा प्रोग्राम लिहायची सोय) पाच मिनिटांचा आहे. सुरुवातीच्या ठोकळ्यात रेडिओचा ग्रुप ७ ठेवा (० ते २५५ पैकी कोणताही चालतो, पण दोन्हीकडे तोच हवा) आणि ट्रान्समिट पॉवर १ करा. सतत चालत राहणाऱ्या ‘फॉरेव्हर’ ठोकळ्यात ‘सेंड नंबर १’ आणि २०० मिलिसेकंदांचा विराम. झालं.

पॉवर मुद्दाम कमी ठेवायची आहे. ती ० ते ७ असते आणि आपण काही न सांगितल्यास ६ असते. वीस पावलांच्या बागेत ६ ठेवली, तर सगळीकडूनच संकेत जोरदार मिळतो आणि जवळ-लांब हा फरक उरत नाही. मोठ्या मैदानावर ३-४ पर्यंत वाढवा.

शोधणाऱ्याचा प्रोग्राम थोडा मोठा आहे. ग्रुप ७ इथेही. ‘सरासरी’ नावाचा एक चल (बदलता आकडा साठवायची जागा, व्हेरिएबल) करा, सुरुवातीची किंमत उणे ९५. रेडिओवर आकडा आला की मिळालेल्या संकेताची तीव्रता वाचायची. ती उणे १२८ ते उणे ४२ या पट्ट्यात येते आणि उणे ४२ म्हणजे अगदी कानाशी. ही किंमत थेट वापरू नका. जागेवर उभं राहिलं तरी ती पाच-दहाने वर-खाली उडते, मुलगी एक पाऊल पुढे टाकते आणि यंत्र म्हणतं ‘लांब गेलीस’. म्हणून प्रत्येक वेळी सरासरी = सरासरी × ०.८ + नवी किंमत × ०.२ असं करा. आकडा शांत होतो, मात्र तो सेकंदभर मागे राहतो. तेव्हा मुलीला सांगायचं, की चार पावलं चाल आणि थांबून ऐक.

मग ही सरासरी ‘कन्स्ट्रेन’ ठोकळ्याने उणे ९५ ते उणे ५० यांत बांधून टाका, आणि ‘मॅप’ ठोकळ्याने तिचं ० ते ४५ करून दिव्यांच्या पट्टीवर दाखवा; पट्टीची कमाल ४५. ‘कन्स्ट्रेन’ गाळलात, तर खूप लांब गेल्यावर आकडा शून्याच्या खाली जातो. पट्टीचा ठोकळा उणे चिन्ह सोडून देतो आणि दिवे परत वाढायला लागतात. ही चूक शोधण्यात संध्याकाळ जाते.

मायक्रोबिटची दुसरी आवृत्ती (२०२० नंतरची, स्पीकर असलेली) असेल तर दिवे सोडा, आवाज वापरा. ‘फॉरेव्हर’मध्ये ८८० हर्ट्झचा सूर ६० मिलिसेकंद वाजवा, आणि पुढचा विराम सरासरीवरून ठरवा: उणे ९५ ला १२०० मिलिसेकंद, उणे ५० ला १००. लांब असताना टुक… टुक…, जवळ आलं की टुकटुकटुक. भर उन्हात ते बारीक लाल दिवे दिसतही नाहीत, आणि आवाज असला की मुलगी समोर बघून पळते. आमच्या मते आवाजाचा प्रकार दिव्यांपेक्षा सरळ सरस आहे.

खेळाआधी पाच मिनिटं मोजणीला द्या. आकडा दिव्यांवर दाखवून एक, पाच आणि पंधरा पावलांवरची किंमत लिहून घ्या, आणि वरच्या उणे ९५ व उणे ५० च्या जागी तुमचे आकडे घाला. दोन यंत्रांचे, दोन बागांचे आकडे सारखे येत नाहीत.

कोल्हा लपवताना प्लास्टिकचा डबा घ्या. पत्र्याच्या डब्यात तो मुका होतो. जमिनीवर ठेवू नका, गुडघ्याच्या किंवा कमरेच्या उंचीवर फांदीच्या बेचक्यात ठेवा. ओली माती आणि ओला पाला या लहरी गिळतात. पाटीच्या मागे वरच्या कोपऱ्यात अँटेना आहे, त्यावर बोटं यायला नकोत, म्हणून यंत्र सोनेरी पट्टीच्या कडेला धरायला शिकवा. कोल्हा बंद पडला तर शोधणाऱ्याकडे शेवटचाच आकडा अडकून राहतो. दोन सेकंदांत हाक आली नाही तर सरासरी परत उणे ९५ करणारी एक अट टाकून ठेवा.

विजेसाठी दोन ट्रिपल-ए सेलचा, झाकणाला स्क्रू असलेला डबा वापरा. बटणासारखे चपटे सेल मुलांच्या खेळात अजिबात नकोत. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. तशी नुसती शंका आली तरी थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

एक युक्ती मात्र मुलीला स्वतःच सापडू द्या. यंत्र छातीशी घट्ट धरून हळूहळू गोल फिरलं, की एका दिशेला संकेत एकदम पडतो. आपल्या शरीरातलं पाणी लहरी अडवतं, म्हणजे त्या क्षणी कोल्हा बरोबर पाठीमागे असतो. हे ज्या मुलाला उमगतं ते त्या दिवशी घरात यायचं नाव घेत नाही.

प्रश्न : नात सहा वर्षांची. पक्ष्यांचा आवाज ओळखणारं ॲप घेतलं, पण ते कधी कधी काहीच्या काही नावं सांगतं. विश्वास ठेवावा का? — एक आजोबा

तुम्ही बहुधा कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ वापरताय. आवाज ओळखायची सोय त्यात २०२१ पासून आहे. आजोबा, त्याचं म्हणणं साक्षीदाराचं धरा, न्यायाधीशाचं नको. निघण्याआधी घरीच आपल्या प्रदेशाचा पक्षीसंच उतरवून घ्या. मग बाहेर इंटरनेट नसलं तरी चालतं. फोन स्थिर ठेवा, माइकवर बोट किंवा कव्हर येऊ देऊ नका, वाऱ्याकडे पाठ करा, आणि तेवढा एक मिनिट दोघंही गप्प बसा. बोलणं, कापडाची सळसळ, गाड्यांचा घुमारा यांतून चुकीची नावं निघतात. नकला करणारे पक्षीही त्याला चकवतात. एकदाच झळकून गेलेलं नाव सोडून द्या. तेच नाव तीनदा आलं, तर पक्षी डोळ्यांनी शोधायचा.

नातीसाठी ॲप शेवटी उघडा. आधी कागदाच्या मधोमध फुली मारा, ती म्हणजे नात. डोळे मिटून दोन मिनिटं ऐकायचं आणि आवाज ज्या बाजूने येईल त्या बाजूला कागदावर खूण करायची: रेघ, ठिपका, नागमोडी, तिला सुचेल ते. मग ॲप लावून कुठली खूण कुणाची ते जुळवायचं. ॲपमधला आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलवायचा मोह मुलांना होतोच, पण वीण चालू असताना पक्षी त्याला घुसखोर समजतो आणि पिल्लं सोडून भांडायला येतो. तेवढं टाळा.

झाडं आणि किडे यांच्यासाठी ‘सीक’ हे आयनॅचरलिस्टचं ॲप लहानांना बरं, कारण त्यात खातं उघडावं लागत नाही. एकच पान चौकटभर दिसेल असं धरा, पानाची पाठही दाखवा. मात्र कोणतंही फळ, पान किंवा अळंबी खाण्याजोगी आहे का, हे ॲपला विचारायचं नाही. कधीच नाही.

प्रश्न : पावलं मोजणारा पट्टा आणि रोज ५,००० पावलांना एक तारा, अशी योजना पाच वर्षांच्या मुलासाठी कशी?

नको. पहिली अडचण मोजणीची. मनगटावरचा पट्टा हात हलला की पाऊल मोजतो. झाडावर चढणं, झोका घेणं, सायकल, उकिडवं बसून चिखलात खणणं यांतलं फारच थोडं त्याच्या हिशोबात येतं. मुलाला हे लवकर कळतं, आणि मग ते सोफ्यावर बसून हात हलवतं.

दुसरी अडचण ताऱ्याची. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवर्गातल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना ‘काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रांकडे वळली. आधी न सांगता, अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. खेळ हा मुळात मुलाचा आवडीचा उद्योग, त्याला मजुरी कशाला लावायची? पट्टा घेतलाच असेल तर तो मुलाच्या हातातून काढून तुमच्या हातात घाला. “बघू, तुझ्यामागे पळून आईची किती पावलं होतात” हा खेळ मुलांना भलता आवडतो.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाला एकट्याने खाली खेळायला सोडताना जीपीएसचं घड्याळ द्यावं का?

घड्याळ वाईट नाही, पण स्वस्तातली काही घड्याळं वाईट असतात. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने २०१७ साली मुलांच्या घड्याळांमधल्या सुरक्षेच्या गंभीर त्रुटी दाखवून दिल्या. त्याच वर्षी जर्मनीने गुपचूप ऐकण्याची सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली. घ्यायचंच असेल तर दूरून माइक चालू करण्याची सोय नसलेलं, सॉफ्टवेअरची सुधारणा नियमित मिळणारं घ्या, आणि पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला. इमारतींच्या मधल्या जागेत ते मुलाला शेजारच्या रस्त्यावर दाखवेल. तेव्हा घाबरून धावत सुटू नका.

हाकेच्या अंतरापलीकडे, पण आवारातच खेळायचं असेल तर आम्हाला वॉकीटॉकीची जोडी जास्त पटते. पडदा नाही, जागेचा माग नाही, आणि बटण दाबून बोलणं, सोडून ऐकणं हाच एक खेळ होतो. खोक्यावर लिहिलेला पल्ला मोकळ्या माळावरचा असतो, भिंती आल्या की तो पार घसरतो. म्हणून आधी दोघांनी मिळून आवारभर चालून बघा आणि आवाज जिथे तुटतो तीच मुलाची हद्द ठरवा. आपल्या देशात कोणती वारंवारता बिनपरवाना चालते तेही खोक्यावर तपासा. आणि दर पाच मिनिटांनी “कुठे आहेस?” विचारू नका.

प्रश्न : डोळ्यांसाठी बाहेर वेळ घालवा म्हणतात. मुलगी झाडाखाली बसून टॅब बघते, ते चालेल?

प्रकाशापुरतं काहीसं चालेल, बाकीच्या दृष्टीने नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत सहा वर्षांच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवून तीन वर्षं पाहिलं गेलं. त्यांच्यात ३०.४ टक्के मुलांना जवळची दृष्टी, म्हणजे दूरचं धूसर दिसणं, सुरू झालं. नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांत हेच प्रमाण ३९.५ टक्के निघालं. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. त्यात बाहेरचा भरपूर प्रकाश हे मोठं कारण मानलं जातं. टॅब बघताना मात्र नजर हातभर अंतरावरच खिळलेली राहते.

हे मुलीला समजवायला प्रकाश मोजणारं एखादं ॲप घ्या. फोन आडवा, पडदा आकाशाकडे. मोजणारा डोळा समोरच्या कॅमेऱ्याजवळ असतो, तो झाकू नका. दिवा लावलेल्या खोलीत १०० ते ५०० लक्स येतील, झाडाच्या सावलीत काही हजार, उघड्यावर दहा हजारांच्या वर, भर उन्हात लाखापर्यंत. ‘सगळ्यात उजेडाची सावली शोध’ असं म्हटलं की ती अर्धा तास पळत राहील. सूर्याकडे थेट बघायचं नाही हे आधी बजावा. आणि फोन उन्हात ठेवून विसरू नका, तापून बंद पडेल.

प्रश्न : रात्री अंगणात कोण येतं हे बघायचा मुलांचा हट्ट आहे. ट्रेल कॅमेरा कसा लावावा?

हट्ट पुरवा. हा कॅमेरा उष्णतेतला फरक हलताना ‘बघतो’ आणि फोटो टिपतो. प्राणी कॅमेऱ्याकडे सरळ चालत आला तर तो उशिरा जागा होतो, आडवा गेला तर लगेच. म्हणून वाटेच्या तोंडाशी न लावता वाटेच्या बाजूला, दोन-तीन मीटरवर लावा. मांजराएवढ्या प्राण्यांसाठी उंची ३० ते ५० सेंटिमीटर. कॅमेरा दोन मीटरहून जवळ लावला तर रात्रीच्या दिव्यात प्राणी पांढराफटक येतो आणि पुसटही. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको, उगवतं-मावळतं ऊन भिंगात शिरतं. समोरचं हलणारं गवत कापा, नाहीतर सकाळी कार्डावर गवताचेच पाचशे फोटो असतात. व्हिडिओ बंद ठेवा, एका चाहुलीला तीन फोटो आणि मधे एक मिनिटाचा खंड. तारीख-वेळ आधी लावा. रस्ता किंवा शेजाऱ्यांची खिडकी चौकटीत येता कामा नये.

कॅमेऱ्यासमोर हातभर रुंद पट्ट्यात चाळलेली ओलसर वाळू सेंटिमीटरभर जाड पसरून फळीने सपाट करा. सकाळी आधी वाळू बघायची. ठसे मुलांनी बोटांनी मोजायचे, बोटं किती, नखं उमटली का, कोण असेल ते पैजेवर ठरवायचं, आणि त्यानंतरच कार्ड काढून फोटो बघायचे. मांजर चालताना नखं आत घेते, त्यामुळे तिच्या ठशात ती सहसा नसतात. कुत्र्याच्या ठशात असतात. फोटो उतरवून झाले की कार्ड रिकामं करून परत घाला आणि कॅमेरा सुरू आहे ना ते पाहा. हे काम मुलांवर सोपवलं असेल तर संध्याकाळी एकदा तुम्हीही डोकावून या, कारण कार्ड हमखास टेबलावरच राहतं.